मुदत संपायच्या आधी खुर्ची रिकामी झाली तर? संस्थेतलं पद भरायची पद्धत

कोल्हापुरात पेठ तिथं तालीम आणि तालीम तिथं मंडळ हे आहेच, शिवाय वाचनालयं, माजी विद्यार्थी संघ, ज्येष्ठ नागरिक संघ, व्यापाऱ्यांच्या असोसिएशन, नाट्यसंस्था, भजनी मंडळं, मोजत बसलं तर दिवस पुरायचा नाही. या सगळ्यांच्यात एक गोष्ट कधी ना कधी होतेच. कार्यकारिणीची मुदत तीन नाहीतर पाच वर्षांची असते आणि मधेच सचिव पुण्याला मुलाकडं राहायला जातात, खजिनदार वारतात, नाहीतर अध्यक्ष कशावरनं तरी रुसून राजीनामा फेकतात. मग काय होतं, गंगावेशीत दूध प्यायला जमलेले चौघं ठरवतात की आता ह्याला करूया, रात्री ग्रुपवर अभिनंदनाचे हार पडतात, दुसऱ्या दिवशी बोर्डावर नाव रंगवून झालेलं असतं. आणि काही महिन्यांनी बँकेत सही बदलायला गेलं की तिथला साहेब विचारतो, ठराव कुठाय, नोटीस कुठाय. तिथनं पुढं मग वकील.

तर हे पद भरायचं कसं ते लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, माणूस शोधायच्या आधी अधिकार शोधा. कोणाला बसवायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. त्याच्या आधी बघायचं की पद खरंच रिकामं झालंय का, ते भरायचा अधिकार कोणाचा, आणि ज्यांचा अधिकार आहे त्यांना आधी कळवलं होतं का. ह्या तीन गोष्टी सरळ असल्या तर माणूस कोणीही येऊ दे, निवड टिकते. ह्यातली एक जरी वाकडी असली तर कितीही चांगला माणूस बसवा, विरोधातल्या एकानं अर्ज टाकला की सगळं लटकतं.

आधीच एक सांगून ठेवतो. हे सगळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या, सभासद असलेल्या संस्थांसाठी आहे, म्हणजे ज्यांचा दफ्तरी संबंध धर्मादाय कार्यालयाशी येतो त्यांच्यासाठी. हाउसिंग सोसायटी, पतसंस्था, गावची दूध संस्था ह्या १९६० च्या सहकार कायद्यात येतात, तिथं समितीतली जागा भरायचे नियम कायद्यातच आहेत, त्यांनी हे वाचून ठराव करायला जाऊ नये, उपनिबंधक कार्यालयात विचारावं.

आधी घटना काढा

घटना म्हणजे संस्थेची नियमावली. बऱ्याच संस्थांत ती कोणाच्या तरी कपाटात झेरॉक्सची झेरॉक्स म्हणून पडलेली असते, तिची दोन पानं गायब, आणि मधे कधीतरी केलेली दुरुस्ती पेनानं समासात लिहिलेली. त्यावर जाऊ नका. धर्मादाय कार्यालयात दाखल असलेल्या घटनेची सही-शिक्क्याची नक्कल मागा, अर्ज आणि फी भरली की मिळते. वाद झाला की तीच बघितली जाते, समासातलं पेन नाही.

ती हातात आली की "कार्यकारी मंडळ" ह्या भागात रिक्त जागा, उर्वरित मुदत, स्वीकृत सभासद, नेमणूक हे शब्द शोधा. मग सभेचा भाग बघा, नोटीस किती दिवसांची, कोरम (सभेला कमीत कमी किती जण हजर पाहिजेत ते) किती, मतदान कसं. एवढ्यात तुमचं निम्मं काम झालेलं असतंय. वर कायदा, त्याच्या खाली घटना, त्याच्या खाली संस्थेनं स्वतः ठरावानं केलेले नियम, आणि सगळ्यात खाली सभाशास्त्राचे रूढ संकेत, अशी उतरंड धरायची. खालचं वरच्याला कापू शकत नाही. "आमच्यात आजपर्यंत असंच चालत आलंय" हे ह्या उतरंडीत सगळ्यात तळाला, घटनेत उलटं लिहिलेलं असेल तर त्या परंपरेला काही किंमत नाही.

आणि घटना गप्प असेल तर? लई घटना गप्पच असतात, कारण ज्यांनी लिहिल्या त्यांना वाटलं होतं आपण सगळे कायम एकत्र राहणार. तिथं सभाशास्त्राचे नियम कामाला येतात. अमेरिकेत सभासद संस्थांत सगळ्यात जास्त वापरात असलेले म्हणजे रॉबर्ट्स रूल्स. हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाचा अमेरिकन लष्करातला इंजिनिअर होता, त्याला एकदा चर्चमधल्या सभेत अध्यक्षपदी बसवलं आणि सभा त्याच्या हाताबाहेर गेली, म्हणून त्यानं अभ्यास करून १८७६ मध्ये नियम छापले. आपल्याकडं ते कोणावर बंधनकारक नाहीत, जोपर्यंत घटनेतच तसं लिहिलेलं नाही तोपर्यंत. पण त्यातला तर्क पक्का आहे आणि घटना जिथं बोलत नाही तिथं सभेपुढं मांडायला चांगला आधार होतो. पुढं जिथं रॉबर्ट म्हणतोय असं लिहिलंय तिथं हे लक्षात ठेवा.

पद रिकामं झालंय का नक्की

कोणी वारलं तर प्रश्नच नाही, मृत्यूचा दाखला घेऊन ठेवा, पुढं लागतो. घरच्यांकडं मागायला अवघड वाटतं पण दिवसकार्य झाल्यावर कोणीतरी एकानं जाऊन नीट सांगून घ्यावा.

राजीनाम्याचं मात्र कोडं असतंय. सभेत आवाज चढला आणि अण्णा म्हणाले "हा घ्या माझा राजीनामा" आणि चप्पल घालून निघून गेले, हा राजीनामा झाला का? नाही झाला. रॉबर्टच्या हिशोबानं राजीनामा म्हणजे जबाबदारीतनं मोकळं करा अशी विनंती आहे, ती मंजूर व्हावी लागते, आणि मंजूर करायचा अधिकार त्यांनाच ज्यांना ते पद भरायचा अधिकार आहे. मंजूर व्हायच्या आधी दिलेला माणूस ती मागं घेऊ शकतो. म्हणजे अण्णा दुसऱ्या दिवशी शांत होऊन म्हणाले की राहू दे, मी रागात बोललो, तर पद रिकामं झालंच नाही, आणि तेवढ्यात तुम्ही दुसरा बसवला असेल तर संस्थेला एका वेळी दोन सचिव. म्हणून लेखी घ्या, सहीनिशी, तारखेनिशी, कोणत्या पदाचा राजीनामा ते स्पष्ट. पदाचा देताय का सभासदत्वाचा पण देताय, हे न लिहिल्यामुळं पुढं लई गोंधळ होतो. खजिनदारपद सोडायचंय पण कार्यकारिणीत राहायचंय असं पण असू शकतं, तेही लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर "मी आजपासून मुक्त" असं टाकलेलं असेल तर त्याला फोन करून म्हणा, दादा, एक कागद द्या तेवढा. तुमच्या घटनेत राजीनामा दिल्या तारखेपासून आपोआप लागू असं असेल तर मंजुरीची गरज नाही, पण तरी पुढच्या सभेत त्याची नोंद घ्या.

सलग तीन सभांना गैरहजर म्हणून पद गेलं, हे फक्त घटनेत तसं कलम असेल तरच. कलम असलं तरी ते आपोआप लागतं का कार्यकारिणीनं ठराव करून लागतं ते वाचा. आणि आजारी आहेत, परदेशी मुलीकडं गेलेत, चार महिने दिसत नाहीत, ही रिकामी जागा नाही, ही गैरहजेरी. त्या त्या सभेपुरता सभाध्यक्ष किंवा सभेपुरता सचिव निवडून काम चालवा. पदावरनं काढणं हा तर वेगळाच विषय, त्यात इथं शिरत नाही.

अध्यक्ष गेले, उपाध्यक्ष आहेत

इथं आपल्या लोकांच्यात आणि रॉबर्टच्यात मोठा फरक आहे आणि सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात.

रॉबर्टचं म्हणणं सरळ आहे. अध्यक्षपद रिकामं झालं की उपाध्यक्ष त्याच क्षणी अध्यक्ष होतो, कार्यकारी अध्यक्ष नव्हे, पूर्ण अध्यक्ष, उरलेल्या मुदतीसाठी. निवडणूक नाही, ठराव नाही. त्याला नको असेल तर "मी उपाध्यक्षच राहतो" असं म्हणता येत नाही, नको असेल तर राजीनामाच द्यावा लागतो. आणि मग रिकामं काय राहिलं, उपाध्यक्षपद, भरायचं ते. संस्थेला अध्यक्षपद वेगळ्या पद्धतीनं भरायचं असेल तर घटनेत तसं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे.

ही अमेरिकेची सवय आहे, त्यांच्या देशाचं पण तसंच चालतं. आपल्या डोक्यात मात्र आपली राज्यघटना बसलेली आहे. आपल्याकडं राष्ट्रपती मधेच गेले तर उपराष्ट्रपती राष्ट्रपती होत नाहीत, नवीन निवड होईपर्यंत फक्त काम बघतात आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. १९६९ मध्ये झाकीर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरींनी काम बघितलं, मग निवडणूक लढवायला त्यांनी पण राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना बसावं लागलं. १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद गेले तेव्हा बी. डी. जत्ती यांनी काम पाहिलं, ते आपल्या कोल्हापुरात शिकलेले. त्यामुळं आपल्याकडच्या संस्थांत "उपाध्यक्ष तात्पुरतं बघतील, मग निवड करू" हे लोकांना नैसर्गिक वाटतं.

मग तुमच्या संस्थेत काय? घटना बघा. "अध्यक्षांच्या गैरहजेरीत उपाध्यक्ष त्यांचे काम पाहतील" एवढंच लिहिलेलं असतं बऱ्याच ठिकाणी. हे वाक्य गैरहजेरीबद्दल आहे, रिकाम्या पदाबद्दल नाही. त्याच्यावरनं उपाध्यक्ष आपोआप अध्यक्ष झाले असं पण छातीठोक म्हणता येत नाही आणि नाही झाले असं पण नाही. अशा वेळी माझा सल्ला, उपाध्यक्षांनी काम चालू करावं, सभा बोलवाव्यात, आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत अध्यक्षपदाचा विषय विषयपत्रिकेवर घेऊन रीतसर निवड करून टाकावी, मग ती उपाध्यक्षांचीच का असेना. उपाध्यक्ष असलेल्या तात्यांना जरा कमीपणा वाटेल, वाटू दे. दहा मिनिटांची निवड पुढची दोन वर्षं वाचवते.

आणि एक, हे वर सरकणं फक्त उपाध्यक्षांपुरतं. सहसचिव आहेत म्हणून ते आपोआप सचिव होत नाहीत, सहखजिनदारांचं पण तसंच. त्यांनी काम बघायचं, पद निवडीनंच भरायचं. उपाध्यक्ष दोन असतील तर पहिला कोण दुसरा कोण हे घटनेत किंवा निवडीच्या ठरावात लिहिलंय का बघा, नसेल तर आपोआपची भाषा सोडा आणि निवडच घ्या.

भरायचं कोणी

तत्त्व सोपं आहे, ज्यांनी निवडलं त्यांनीच भरायचं. जनरल बॉडीनं, म्हणजे सर्वसाधारण सभेनं, पदाधिकारी थेट निवडले असतील तर रिकामं पद पण जनरल बॉडीच भरणार. जनरल बॉडीनं पंधरा जणांची कार्यकारिणी निवडली आणि त्या पंधरांनी आपसात अध्यक्ष-सचिव ठरवले, असं असेल तर पद भरायचं काम कार्यकारिणीचं. पण इथं एक मेख आहे. समजा सचिव नुसते पद सोडून नाही, कार्यकारिणीतनंच गेले. मग दोन गोष्टी रिकाम्या झाल्या, एक सचिवपद आणि एक कार्यकारिणीतली जागा. पद कार्यकारिणी भरेल, पण पंधरावी जागा कोण भरणार ते वेगळं बघायला लागतं.

बऱ्याच घटनांत लिहिलेलं असतं की कार्यकारिणी रिकामी जागा पुढच्या वार्षिक सभेपर्यंत भरेल. हे "पर्यंत" महत्त्वाचं. म्हणजे वार्षिक सभेत तो विषय परत घ्यायचा, नाहीतर त्या माणसाची मुदत तिथं संपली आणि कोणाच्या लक्षात पण आलं नाही असं होतं. "दोन सभांच्या मधल्या काळात कार्यकारिणीला संस्थेचे सर्व अधिकार" असं कलम असेल तर रॉबर्टच्या मते त्यात पद भरायचा अधिकार पण आला. नुसतं "दैनंदिन कारभार पाहील" असेल तर त्यात तो अधिकार वाचायला जाऊ नका, जनरल बॉडी बोलवा. शंका आली की वरच्या सभेकडं जायचं, मोठ्या सभेनं केलेली निवड खालच्या सभेचा अधिकार होता म्हणून कोणी सहसा आव्हान देत नाही, उलटं मात्र हमखास होतं.

कोरमचं पण बघा. घटनेत कार्यकारिणीचा कोरम सात असा आकडा असेल आणि राजीनाम्यांची लाट येऊन उरले सहाच, तर त्या सहांना काहीच करता येत नाही, पद भरायचा ठराव पण नाही. "जागाच रिकाम्या आहेत म्हणून कोरम कमी धरू" असं मनानं करता येत नाही. तिथं जनरल बॉडीशिवाय मार्ग नाही.

नोटीस

खरा जीव इथं आहे. निवड मोडते ती बहुतेक वेळा नोटिशीवर मोडते, मतांवर नाही.

पहिली अडचण, सचिवच नाहीत तर नोटीस कोण काढणार? सहसचिव असतील तर ते, नसतील तर अध्यक्षांनी आपल्या सहीनं काढावी. दोघंही नसतील तर घटनेत ठरावीक सभासदांनी मागणी करून सभा बोलवायची तरतूद असते ती वापरा.

दुसरं, दिवस मोजणं. "पंधरा पूर्ण दिवसांची नोटीस" म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा पण धरायचा नाही. सभा रविवारी २१ तारखेला असेल तर ६ ते २० हे पंधरा दिवस मधे पाहिजेत, म्हणजे नोटीस ५ तारखेपर्यंत सभासदाच्या हातात. हातात, तुमच्या प्रिंटरमधनं बाहेर नव्हे. पोस्टानं पाठवायची असेल तर पोहोचायचे दिवस वेगळे धरा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, विषयपत्रिकेवर पदाचं नाव. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" ह्या पोत्यात निवडणूक भरायची आपल्याकडं वाईट खोड आहे. सभा संपत आली, लोक उठून चहाकडं चाललेत, आणि कोणीतरी म्हणतं की सचिवपदाचं पण उरकून घेऊया. नाही उरकायचं. रॉबर्टचा पण नियम हाच, रिकामं पद भरणार आहात हे त्या सभेला येऊ शकणाऱ्या प्रत्येकाला आधी कळवलंच पाहिजे, घटनेनं स्पष्ट सूट दिली नसेल तर. कारण साधं आहे, सचिवपदाची निवड आहे हे माहीत असतं तर मी आलो असतो, असं म्हणायची जागा कोणाला राहू नये.

नोटीस अशी असू दे:

"संस्थेच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा रविवार दिनांक २१ रोजी सकाळी १० वाजता संस्थेच्या कार्यालयात होईल. विषय: १) सचिवांच्या राजीनाम्याची नोंद घेणे व तो मंजूर करणे. २) रिक्त सचिवपदावर कार्यकारी मंडळाच्या उर्वरित मुदतीकरिता निवड करणे. ३) सदर निवडीमुळे अन्य पद रिक्त झाल्यास त्या पदावर निवड करणे. ४) बँक खात्यावरील सह्यांच्या अधिकारात बदल करणे."

महिना आणि वर्ष घालायला विसरू नका. तिसरा विषय मुद्दाम घातलाय. सचिवपदावर खजिनदारांनाच निवडलं तर खजिनदारपद रिकामं होतं, आणि ते विषयपत्रिकेवर नसेल तर परत पंधरा दिवस, परत सभा, परत चहा-बिस्किटं.

कोणाला द्यायची? मतदानाचा हक्क असलेल्या सगळ्यांना. वर्गणी थकलीय म्हणून वगळायचं असेल तर थकबाकीदाराचा हक्क जातो असं घटनेत लिहिलेलं पाहिजे, नाहीतर वर्गणी थकली तरी तो सभासदच. आपल्याला नको असलेल्या गटाचीच वर्गणी नेमकी कशी थकलेली निघते, हा एक संशोधनाचा विषय आहे, असो.

कशी द्यायची? सगळ्यात भारी म्हणजे सह्यांची वही. सभासदाचं नाव, नोटीस मिळाल्याची तारीख, सही, असे रकाने आखून एखाद्या पोरानं घरोघर फिरून सह्या घ्यायच्या. सभासद घरी नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाची सही आणि नातं लिहायचं. बाहेरगावच्यांना स्पीड पोस्ट, पावत्या त्याच वहीत चिकटवून ठेवा. जुन्या घटनांत यू.पी.सी. ने, म्हणजे पत्र टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन, पाठवावी असं लिहिलेलं असतं, ती सोय पोस्टानं २०११ मध्येच बंद केली, आणि रजिस्टर पोस्ट पण २०२५ पासून स्पीड पोस्टात गेलं. व्हॉट्सअॅपवर टाका, जरूर टाका, पण घटनेत तशी मुभा नसेल तर ती जास्तीची म्हणून, मुख्य म्हणून नको. निळ्या टिका धर्मादाय कार्यालयात फाइलला लावता येत नाहीत.

सभेच्या दिवशी

हजेरी वहीवर सह्या आधी, मग कोरम मोजून अध्यक्षांनी तोंडानं जाहीर करायचा. कोरम नसेल तर "अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी तहकूब सभा, तिला कोरम लागणार नाही" ही आपल्याकडची नेहमीची युक्ती फक्त घटनेत असेल तरच चालते. असेल तर नोटिशीतच ती ओळ टाका, आणि तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचं काही घेऊ नका.

जो अध्यक्षस्थानी आहे तोच उमेदवार असेल तर? रॉबर्टप्रमाणं त्यानं खुर्ची सोडायची सक्ती नाही. पण आपल्याकडं लोकांच्या तोंडाला कोण लागणार, त्या विषयापुरतं एखाद्या ज्येष्ठ सभासदाला बसवा आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, तसं लिहा.

नावं मागवा. रॉबर्टला अनुमोदक लागत नाही, आपल्याला सूचक-अनुमोदक दोन्ही लागतात, सवय चांगली आहे, राहू दे. ज्याचं नाव आलं त्याची संमती विचारा, हजर नसेल तर लेखी संमती आधीच आणलेली पाहिजे, नाहीतर निवड करून ठेवाल आणि तो म्हणेल मला कोण विचारलं. आणखी नावं आहेत का, असं दोन-तीनदा विचारून मग नावं बंद करा. एकच नाव असेल आणि घटनेत गुप्त मतदानाची सक्ती नसेल तर अध्यक्षांनी बिनविरोध जाहीर करावं, काम संपलं.

दोन किंवा जास्त नावं असतील तर चिठ्ठ्या. हात वर करून मतदान पेठेत घेऊ नये, कोणी कोणासाठी हात केला हे पुढच्या गणपतीपर्यंत लक्षात राहतं. चिठ्ठ्यांवर संस्थेचा शिक्का, दोन मोजणारे, दोन्ही गटांना चालतील असे. आता आकड्याचं उदाहरण बघा. चाळीस चिठ्ठ्या पडल्या, दोन कोऱ्या. कोऱ्या धरायच्या नाहीत, म्हणजे मतं ३८, बहुमत २०. अ ला १७, ब ला १२, क ला ९. रॉबर्ट म्हणतो कोणीच निवडून आलं नाही, परत मतदान घ्या, आणि शेवटच्याला जबरदस्तीनं बाहेर पण काढता येत नाही, तो स्वतः माघार घेईल तर ठीक. पण तुमच्या घटनेत "सर्वाधिक मते मिळविणारा" असं असेल तर अ आला निवडून, विषय संपला. हा फरक मतदानाच्या आधी अध्यक्षांनी वाचून दाखवायचा. चिठ्ठ्या उघडल्यावर नियम सांगितला तर तो कोणाच्या तरी बाजूचा वाटणारच.

मतं सारखी पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत घटनेनं दिलं असेल तरच. रॉबर्टच्या पद्धतीत अध्यक्ष गुप्त मतदानात सगळ्यांबरोबर एकदाच मत देतो, दुसरं मत नाही, समान झालं तर परत मतदान. चिठ्ठी टाकून नशिबानं ठरवायचं असेल तर त्याला पण नियम पाहिजे, किंवा निदान दोन्ही उमेदवारांची लेखी कबुली. उमेदवारानं स्वतःला मत द्यावं का असं विचारणारे भेटतात, द्यावं की, तो पण सभासदच आहे.

कोणाची हरकत असेल तर ती तिथल्या तिथं, त्या विषयाच्या वेळी घेऊ द्या. दाबू नका. अध्यक्षांनी निर्णय द्यायचा आणि हरकत, निर्णय दोन्ही प्रोसिडिंगमध्ये लिहायचं. चिठ्ठ्या लगेच फाडू नका, लखोट्यात घालून वर सह्या घेऊन ठेवा.

प्रोसिडिंग त्याच दिवशी लिहायचं. ठराव असा:

"ठराव क्र. २: सचिवांचा राजीनामा ठराव क्र. १ अन्वये मंजूर झाल्याने रिक्त झालेल्या सचिवपदावर कार्यकारी मंडळाच्या उर्वरित मुदतीकरिता श्री. अमुक यांची, श्री. तमुक यांनी सुचविल्यावरून व सौ. अमुक यांच्या अनुमोदनाने, गुप्त मतदानाने निवड करण्यात येत आहे. झालेले मतदान ४०, ग्राह्य ३८, मिळालेली मते अनुक्रमे..."

"उर्वरित मुदतीकरिता" हे शब्द गाळू नका, नाहीतर नवीन माणूस म्हणतो मला पूर्ण पाच वर्षं पाहिजेत. सलग दोनच मुदती अशी मर्यादा घटनेत असेल तर ही अर्धवट मुदत धरायची का ते पण बघा. रॉबर्टचा हिशोब, निम्म्यापेक्षा जास्त मुदत काम केलं तर ती एक मुदत धरायची.

नंतरचे कागद

निवड झाली म्हणजे झालं नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणं बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, आपल्या जिल्ह्याचं ते सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय कोल्हापुरातच आहे. सोबत राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नोटीस, नोटीस पोचल्याची वही, हजेरी, ठरावाची नक्कल, नवीन माणसाची संमती. जाणाऱ्याचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं, त्यामुळं राजीनामा घेतानाच गोडीत ते पण करून घ्या, नंतर ते फोन उचलत नाहीत. ९० दिवस उलटले तर उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज आणि कारणं. आणि १८६० च्या कायद्याप्रमाणं वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी द्यायची असते, त्यात नवीन नाव आलं पाहिजे.

बँकेला ठरावाची नक्कल, नवीन सहीदाराचे के.वाय.सी. कागद, आणि जुनी सही रद्द करायचं पत्र. काही बँका चेंज रिपोर्टची पोच मागतात, काही मंजुरीचा आदेश मागतात, म्हणून सभेच्या आधीच शाखेत जाऊन विचारून ठेवा. खजिनदार वारले असतील आणि दोन सह्यांचं खातं असेल तर तेवढ्या काळात वाचनालयाचं लाइट बिल कोणाच्या खिशातनं भरायचं आणि ते परत कसं द्यायचं, हे कार्यकारिणीच्या ठरावात लिहून ठेवा, पुढच्या ऑडिटला उपयोगी पडतं.

मग चार्ज. जुन्या सचिवांकडनं काय काय घेतलं त्याची यादी, दोन प्रती, दोघांच्या सह्या. प्रोसिडिंग बुकं कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, सभासद रजिस्टर, शिक्के, पी.टी.आर.चा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीचा) उतारा, नोंदणी प्रमाणपत्र, चेकबुक आणि त्यातला शेवटचा वापरलेला चेक नंबर, किल्ल्या. आणि आताच्या काळातलं म्हणजे संस्थेचा ईमेल कोणाच्या नावावर, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर कोणाचा मोबाइल नंबर आहे, ओटीपी कोणाकडं जातो, व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन कोण. सचिव रागानं गेलेले असले तर ओटीपीसाठी त्यांच्या दारात उभं राहायची वेळ येते, म्हणून राजीनामा मंजूर करायच्या ठरावातच "पंधरा दिवसांत दप्तर व सर्व ऑनलाइन खात्यांचा ताबा द्यावा" असं वाक्य घाला आणि ती यादी प्रोसिडिंगला जोडा.